माजघरातला बिल्ड सर्व्हर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेले काही दिवस गावात राहून आयटीचं काम करणाऱ्या मुलांबद्दल बरंच छापून येतंय, त्यावर वाचकांची पत्रं पण येतायत, आणि सगळ्यांचं गाडं शेवटी एकाच ठिकाणी अडतं, की नेट नाही, लाईट जाते, मग कसं करायचं. खरं आहे, जाते. पण मी रत्नागिरी तालुक्यात आठ वर्षं हेच काम करतोय, सोबत दोन पोरं आहेत, आणि माझा अनुभव असा की आमच्यासारख्यांची गिऱ्हाइकासमोर जी फजिती होते ती लाईटीमुळे कमी आणि आमच्या गबाळ्या कामामुळे जास्त. त्यातल्या एकाच गोष्टीवर लिहितोय, ती म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर नाही तर एका वेगळ्या मशीनवर, बिल्ड सर्व्हरवर, बनवून तपासणं. पत्र लांबेल, कापायचं तर कापा, पण पहाटेच्या तारखेचा किस्सा तेवढा ठेवा.

आम्ही आंबा बागायतदारांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. किती पेट्या गेल्या, किती डझनी, कुठल्या दलालाकडे, हमाली, गाडीभाडं, आणि नंतर दलालाकडून विक्रीच्या हिशोबाची पट्टी आली की तिच्याशी ताळा. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं, काही रॉकेट वगैरे नाही. काही वर्षांपूर्वी एप्रिलमधे म्हणजे ऐन सिझनला पावसजवळच्या एका काकांचा फोन आला की बिलात पाच डझनीच्या खाली सहा डझनी पेटी वेगळी दाखवून दे. अर्ध्या तासाचं काम. रात्री बसून केलं, माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितलं, झकास चाललं, जार फाईल, म्हणजे तयार प्रोग्रॅम, पेनड्राइव्हवर घातली आणि सकाळी बाईकवरनं जाऊन त्यांच्या मशीनवर टाकली तर सुरूच होईना. काळी खिडकी उघडते आणि मिटते. बाहेर वाशीची गाडी भरून उभी, ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न मारतोय, आणि मी खुर्चीत घामाघूम. माझ्या तोंडून काय निघालं असेल? "काका, माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं." काका चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असूदे रे, तू चहा घे, मी हातानं लिहितो."

झालं होतं ते असं की पंधरा दिवसांपूर्वी मी लॅपटॉपवर जावा १७ टाकलं होतं आणि काकांच्या मशीनवर जावा ८. सतरावर बनवलेल्या क्लास फाईलवर ६१ हा व्हर्जन नंबर बसतो, आणि जावा ८ ला ५२ च्या पुढचं वाचताच येत नाही, ते दारातच नाही म्हणतं. बरं, मी घरी जाऊन परत करेपर्यंत गाडी जाणार म्हणून आमच्यातल्या एकाला फोन लावला, त्याच्याकडे अजून ८ च होतं, त्याने बिल्ड करून, म्हणजे कोडपासून चालणारी फाईल बनवून, मेल केलं, सुरू झालं एकदाचं... आणि सहा डझनी पेटीच गायब! कारण रात्री केलेला बदल मी पुशच केला नव्हता, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमधे पाठवलाच नव्हता, तो माझ्या लॅपटॉपात, लॅपटॉप घरी. म्हणजे एका सकाळी दोन वेगवेगळ्या माणसांनी एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगवेगळ्या फाईली बनवल्या आणि दोन्ही चुकीच्या.

आता काकांच्या खळ्यात बघा. पेट्या भरणारा वेगळा आणि गाडीत चढवताना मोजणारा वेगळा. भरणाऱ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तर स्वतः भरलेलं माणूस स्वतः मोजायला लागला की मोजत नाही, आठवतो. आणि आम्ही, इंजिनिअर म्हणवणारे, स्वतःच भरायचो आणि स्वतःच मोजायचो.

कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात ते एवढंच आहे हो. सगळ्यांचा कोड दिवसातून निदान एकदा एका ठिकाणी आणायचा, आणि आला की कुणाच्याच लॅपटॉपवर नाही तर एका त्रयस्थ मशीनवर तो कोऱ्या फोल्डरमधे उतरवून, बिल्ड करून, टेस्ट (म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतोय का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवून बघायच्या, फुटलं तर लगेच बोंब मारायची. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअरवरच्या नावाजलेल्या लेखकाने यावर २००० साली लेख लिहिला, तेव्हापासून पंचवीस वर्षं जगभर हे चाललंय, आणि आपल्याकडे अजून अशी समजूत की ही पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांची थेरं, तीन माणसांच्या दुकानाला काय करायचीत. मला तर उलट वाटतं. मोठ्या कंपनीत एकाने घाण केली तर निस्तरायला दहा जण असतात, आमच्याकडे मीच घाण करणार, मीच निस्तरणार आणि मीच काकांकडे चहा पिणार.

तर असा बिल्ड सर्व्हर त्याच वर्षी जूनमधे बसवला आम्ही. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि आमचे खारवी लोक जाळी दुरुस्त करत बसतात, तसं आंबा संपला की आमच्याकडेही दोन महिने नवीन काम फारसं नसतं. आजवर तो वेळ आम्ही क्रिकेट बघण्यात घालवला ही गोष्ट वेगळी.

मशीन कुठलं? एका ऑफिसमधून भंगारात निघालेला आठ जीबी रॅमचा डेस्कटॉप. त्यात २४० जीबीची एसएसडी आणि जुन्या यूपीएसला नवी बॅटरी, दोन्ही मिळून साडेचार हजाराच्या आत. ठेवायचा कुठे यावर मात्र घरात मोठी चर्चा झाली, पडवीत खारी हवा आणि पावसाची झड, माळ्यावर एप्रिलमधे भट्टी, शेवटी माजघरात देव्हाऱ्याच्या पलीकडे भिंतीला फळी मारून त्यावर ठेवला, जमिनीवर नाही, कारण पावसात फरशीला जो ओलावा सुटतो तो सगळ्यांना माहीत आहे. आईला अजून वाटतं तो टीव्हीचा डबा आहे. वर्षभर चोवीस तास चालू असतो, पन्नास वॅट धरले तर महिन्याला ३६ युनिट पडतात, तेवढं बिल वाढतं, ते मान्य.

सॉफ्टवेअर म्हणाल तर जेन्किन्स घेतलं, बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. याची जन्मकथा पण मजेशीर आहे, सन मायक्रोसिस्टिम्समधे कोहसुके कावागुची नावाच्या जपानी इंजिनिअरने हडसन नावाने सुरू केलेलं, मग २०१० ला ऑरॅकलने सन विकत घेतली, नावावरनं भांडण झालं, आणि २०११ ला बहुतेक मंडळी कोड घेऊन बाहेर पडली आणि जेन्किन्स असं नवं बारसं केलं. भाऊबंदकीत घर सोडून शेजारीच नवी चूल मांडावी तसं. आणि लोक नव्या चुलीवर जेवायला गेले.

बसवायला किती वेळ लागतो विचाराल तर जेन्किन्स स्वतः अर्ध्या तासात उभं राहतं, नंतरचे चार दिवस आपल्याच पापांची यादी करण्यात जातात. उबुंटू लिनक्स २४.०४ टाकलं (सुरुवातीला जुनं होतं, मागच्या वर्षी बदललं), त्यावर जावा २१, मग जेन्किन्सची स्वतःची रिपॉझिटरी जोडून त्यातलं एलटीएस, म्हणजे जास्त काळ टिकणारं स्थिर व्हर्जन. दर आठवड्याला येणारं व्हर्जन घेऊ नका, एलटीएसचा नवा पाया बारा आठवड्यांनी येतो तेवढं आपल्याला पुष्कळ झालं. पहिल्यांदा सर्व्हिस सुरूच होईना, लॉग बघितला तर ८०८० पोर्टवर आमचा टॉमकॅट नावाचा वेब सर्व्हर आधीच पाय पसरून बसलेला. सिस्टिमडीच्या (लिनक्समधे सर्व्हिसी चालू-बंद करतं ते) ओव्हरराइडमधे, म्हणजे आपले बदल लिहायच्या वेगळ्या फाईलमधे, जेन्किन्सचा पोर्ट ८०९० केला, उठलं. मूळ सर्व्हिस फाईल उघडून त्यात बदल करू नका, पुढच्या अपडेटला पुसला जातो, मी आधी तेच केलेलं. मग ब्राउझरमधे ते कुलूप दाखवतं, त्याचा पासवर्ड मशीनवरच जेन्किन्सच्या फोल्डरमधे सिक्रेट्सच्या आत ठेवलेला असतो, तो कॉपी करून टाकायचा. मग प्लगिन, म्हणजे वरनं जोडायचे जादा भाग. सुचवलेलीच घ्या. प्लगिन दीड हजाराच्या वर आहेत आणि आमच्यातल्या एकाने पहिल्या दिवशी हौसेने चाळीसेक जास्तीची टाकली, पुढच्या अपडेटला कोण कुणामुळे पडतंय कळेना, सगळं पुसून परत बसवलं. आपल्या नेटवर प्लगिन उतरताना दोनचार लाल राहतात, घाबरायचं नाही, परत प्रयत्न कराचं बटण असतं, ते चिकाटीने दाबायचं.

एक गोष्ट नवख्यांना कळत नाही, मलाही कळली नव्हती. जेन्किन्स ज्या जावावर चालतं आणि आपलं सॉफ्टवेअर ज्या जावावर बनतं ती दोन वेगळी असू शकतात. जेन्किन्सला आता जावा ८ चालतच नाही, पण आमच्या गिऱ्हाइकांकडे तेच आहे आणि मी काही प्रत्येकाच्या वाडीत जाऊन ते बदलत बसणार नाही. तर जेन्किन्स २१ वर, आणि टूल्समधे जावा ८ ची वेगळी नोंद करून बिल्ड आणि टेस्ट आठवर. पावसच्या काकांचा प्रश्न खरं तर या एका ओळीत मिटला.

बाकी जी काय रेसिपी आहे ती जेन्किन्सफाईल नावाच्या फाईलमधे लिहून कोडच्या सोबतच गिटमधे (कोडचे सगळे बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवायची. कोड उतरव, मेवनने (जावाचं बिल्ड करणारं टूल) क्लीन व्हेरिफाय कर, म्हणजे जुनं पुसून नव्याने बनव आणि तपास, टेस्टचे रिपोर्ट उचल, तयार झालेली जार जपून ठेव. स्क्रीनवर क्लिक करून करून पण सगळं करता येतं, पण मग ते कुणी कधी बदललं ते कळत नाही आणि मशीन गेलं की रेसिपी पण गेली. बिल्डचा नंबर आम्ही सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर छापतो, म्हणजे फोनवर कुणी म्हणालं "चालत नाय" तर पहिला प्रश्न "खाली कोपऱ्यात नंबर काय आहे हो?" आणि गिऱ्हाइकाकडे जाणारी फाईल फक्त आणि फक्त जेन्किन्सवरनं उतरवलेली. लॅपटॉपवर बनवलेली फाईल कुणी दिली तर त्याने सगळ्यांना मिसळ, असा नियम आहे. आत्तापर्यंत मीच तीनदा दिली.

पोलिंगचं थोडं सांगतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की कोड पुश झाला की गिटहबने (नेटवर कोड ठेवायची जागा) जेन्किन्सला हाक मारायची, वेबहूक. पण आपल्या घरच्या फायबरला बाहेरून पोचता येईल असा पत्ता बहुतेक वेळा नसतोच, बऱ्याच जणांत मिळून एकच पत्ता वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरची हाक आत येत नाही. मग जेन्किन्सनेच पाच मिनिटांनी जाऊन नवीन काही आहे का बघायचं, हेच पोलिंग, वेळापत्रकात एच स्लॅश ५ असं लिहितात, तो एच म्हणजे सगळी कामं एकाच मिनिटाला धावू नयेत म्हणून प्रत्येकाला थोडं पुढेमागे करणारा. आणि कृपा करून पत्ता मिळाला तरी जेन्किन्स उघड्यावर ठेवू नका. २०२४ च्या जानेवारीत त्यात अशी फट सापडली की बाहेरच्या माणसाला लॉगिन न करता सर्व्हरवरच्या फाईली थोड्याफार वाचता याव्यात. ती लगेच बुजवली गेली, पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांचं काय? आम्ही वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे खासगी बंद वाटेने, आत जातो, बाहेरनं काहीच दिसत नाही.

आता काय काय सापडलं ते. मला वाटलं होतं पहिलंच बिल्ड पास होईल, कारण माझ्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास होत्या. ओळीने एकोणीस बिल्ड फेल.

पहिला घोळ फाईलींच्या नावांचा. आमच्यातल्या एकाचा लॅपटॉप विंडोजचा, तिथे बिलाचा लोगो कॅपिटल बीने लिहा नाहीतर स्मॉल बीने, सगळं सारखंच, लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाईली. हे एका तासात सुटलं.

दुसरा मराठीचा. बागायतदारांची नावं देवनागरीत, आणि सर्व्हरवर टेस्टमधे नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मी इन्स्टॉल करताना मशीनचं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, साधं सी ठेवलेलं, आणि आमच्या कोडमधे फाईल वाचताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते, कुठेच सांगितलेलं नाही, जावा १८ च्या आधी जावा अशा वेळी मशीनला विचारतं की बाबा तुझ्याकडे काय चालतं, माझ्या लॅपटॉपवर देवनागरी चालणारी यूटीएफ-८ पद्धत म्हणून सगळं बरोबर दिसायचं आणि सर्व्हरने सांगितलं मला फक्त इंग्रजी येतं. लोकेल बदलून टाकलं असतं तर टेस्ट पास झाली असती आणि तो मोह झालाच होता, पण तेवढ्यात आठवलं की दोन गिऱ्हाइकं मागच्या सिझनला बिलावर नावं नीट येत नाहीत म्हणून बोंबलत होती आणि आम्ही त्यांना प्रिंटर बदला म्हणून सांगितलेलं! एकाने बदलला पण. मग कोडमधे जिथे जिथे फाईल उघडते तिथे यूटीएफ-८ लिहून काढलं, छत्तीस जागा निघाल्या. सर्व्हरचं लोकेल अजून मुद्दाम तसंच ठेवलंय.

आणि तिसरा हा पहाटेचा. एक टेस्ट अशी होती की पहाटे पाच वाजता केलेल्या बिलावर त्याच दिवसाची तारीख यायला हवी. ही टेस्ट आमच्यातल्या धाकट्याने सहज लिहिलेली, मी तेव्हा त्याला म्हणालो पण होतो की असल्या टेस्ट लिहून काय होतंय, तारीख ती तारीख. माझ्या लॅपटॉपवर पास, सर्व्हरवर फेल, आणि तारीख आदल्या दिवसाची. सर्व्हरवर वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होईपर्यंत त्या मशीनच्या मते कालचाच दिवस चालू. म्हटलं टाइमझोन बदलू, एशिया कोलकाता करू, संपलं. धाकटा म्हणाला, "दादा, पण गणपतीपुळ्याकडच्या त्या पार्टीचं सॉफ्टवेअर आपण भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर टाकलंय ना, त्याची वेळ काय आहे?"

बघितलं. यूटीसी.

दोन सिझन त्या माणसाचा पट्ट्यांचा ताळा एक दिवसाने चुकत होता. रोजच्या रोज नाही, मधेच कधीतरी, म्हणून कुणाला पॅटर्न कळेना. आंब्याची गाडी लवकर काढायची असली की ते पहाटे चारला बिलं करायचे आणि ती बिलं कालच्या तारखेला पडायची, गाडी उशिरा असली की सगळं बरोबर. आणि आम्ही दोन वर्षं त्यांच्या बिलं करणाऱ्या मुलाला झाडत होतो की तू तारीख नीट टाकत नाहीस. तो बिचारा शपथा घेऊन सांगायचा. मी स्वतः जाऊन त्या मुलाची माफी मागितली, येताना त्याने शेवग्याच्या शेंगा दिल्या, तेव्हा तर अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगायचं ते असं की ही चूक जेन्किन्सने शोधली नाही, टेस्ट पोराने लिहिलेली होती म्हणून सापडली, जेन्किन्सने फक्त ती आमच्या लॅपटॉपच्या बाहेर नेऊन चालवली. टेस्टच नसतील तर हिरवी खूण म्हणजे कोड कंपाइल झाला एवढंच, त्यावर नाचू नये.

आता लाईटीवर येतो, कारण पत्राची सुरुवात तिथनं केली. घरात इन्व्हर्टर आहे पण लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना जो पापणी लवण्याइतका खंड पडतो त्यात डेस्कटॉप रिस्टार्ट होतो, म्हणून मधे यूपीएस. बायोसमधे वीज परत आली की आपोआप चालू हो अशी सेटिंग असते ती शोधून लावा, नाहीतर तुम्ही लांज्याला लग्नात आणि सर्व्हर घरी बंद. यूपीएस यूएसबीने जोडून बॅटरी संपत आली की मशीनने स्वतः नीट बंद व्हावं अशी पण सोय होते. मेच्या शेवटी वळवाच्या विजा सुरू झाल्या की मात्र हे सगळं शहाणपण बाजूला ठेवायचं आणि सरळ प्लग उपटायचा, नेटची केबल पण काढायची, आमचा एक राउटर विजेने त्या केबलवाटेच गेला.

आणि नेट. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लोक म्हणतील कशाला एवढा उपद्व्याप, गिटहबवरच होतं की, खासगी कोडला सुद्धा महिन्याला २००० मिनिटं फुकट मिळतात. बरोबर आहे, आणि तुमचं नेट धड असेल आणि कोड छोटा असेल तर खुशाल तेच घ्या, मी कुणाला भंगारातला डेस्कटॉप विकायला बसलेलो नाही. पण आमच्याकडे रस्त्याच्या खोदाईत केबल तुटली की तीन तीन दिवस नेट नसतं. आता आमचं गिट पण त्याच मशीनवर, मेवनला लागणाऱ्या लायब्रऱ्या एकदा उतरल्या की मशीनवरच साठलेल्या, ऑफलाइन बिल्ड करता येतं. घरातल्या वायफायवर पुश करा, पाच मिनिटात बिल्ड, पेनड्राइव्ह, बाईक. गिटहबवर रात्री एक प्रत जाते, नेट असेल तेव्हा. मागच्या जुलैत सलग चार दिवस नेट नव्हतं आणि आम्ही नऊ बिल्ड केले. गावात राहून काम होत नाही म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचंय, की पुण्याच्या ऑफिसची पद्धत तशीच्या तशी इथे आणून ती नेटअभावी बंद पडली म्हणून रडू नका, आपल्या हवेला टिकेल अशी मांडा.

बॅकअपचं थोडक्यात. जेन्किन्सचं सगळं एका फोल्डरमधे असतं, वर्कस्पेस (बिल्ड करायचं कामापुरतं फोल्डर) सोडून बाकीचं दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क माझ्या बहिणीकडे चढावरच्या घरात. त्यात मास्टर की नावाची एक फाईल असते तिच्याशिवाय साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत, ती बाकीच्या बॅकअपच्या सोबत न ठेवता वेगळी ठेवतात. हे मी कुणाच्या सांगण्यावरनं करत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एकाच्या दुकानातली चारही मशीन चिखलात गेली, सहा वर्षांचा कोड, दुसरी प्रत कुठेच नाही. तो आता दुसऱ्याच धंद्यात आहे. आणि जुने बिल्ड किती ठेवायचे ते आधीच ठरवा, आम्ही वीस ठेवतो. पहिल्या वर्षी ठरवलं नव्हतं, डिस्क भरली, एक जीबीपेक्षा कमी जागा उरली की जेन्किन्स ते मशीन स्वतःच ऑफलाइन करून टाकतं आणि बिल्ड नुसते रांगेत उभे राहतात. आम्ही दोन दिवस नेटला शिव्या घातल्या.

अजून एक, जाणकार वाचक पकडतीलच म्हणून सांगतो. जेन्किन्सच्या मुख्य नोडवरच, म्हणजे जिथे जेन्किन्स स्वतः चालतं तिथेच, बिल्ड चालवू नये असं सांगतात, कारण बिल्डमधला कोड जेन्किन्सच्याच फाईलींपर्यंत पोचू शकतो. आमच्याकडे दुसरं मशीन नाही, मग त्याच मशीनवर वेगळा युजर करून एसएसएचने (सुरक्षित जोडणी) एजंट, म्हणजे बिल्ड चालवणारा मदतनीस, जोडलाय आणि मुख्य नोडवर बिल्ड चालवायच्या जागा, एक्झिक्युटर, शून्य. अगदी शास्त्रशुद्ध नाही, पण पूर्वीपेक्षा बरं.

जेन्किन्समधे मला सगळ्यात आवडतं ते त्याचं हवामान. प्रत्येक कामाच्या पुढे एक छोटं चित्र असतं, शेवटच्या पाच बिल्डवरनं ठरतं, सगळे पास तर सूर्य, एखाददुसरा फेल तर ढग, मग पाऊस, आणि सगळेच फेल तर गडगडाटी वादळ. पूर्वी पास झालेल्या बिल्डला हिरव्याऐवजी निळा गोळा यायचा, कारण करणारा जपानी आणि त्यांच्याकडे हिरव्या सिग्नलला पण निळाच म्हणतात. तर आई रोज सकाळी देवपूजा झाली की माझ्या स्क्रीनकडे बघून विचारते, "आज काय रे, ऊन का पाऊस?" बाहेर धो धो पडत असतो आणि मी सांगतो ऊन.

राहता राहिली ती आपली कॉलेजं. आमच्याकडे दरवर्षी दोनतीन पोरं प्रोजेक्टसाठी येतात, हुशार असतात, जावा पाठ असतं, पण स्वतःच्या लॅपटॉपच्या बाहेर आपला प्रोग्रॅम चालवून बघितलाय असा मला अजून एक भेटायचाय. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर, परीक्षक आले की त्याच लॅपटॉपवर दाखवायचं आणि मार्क घ्यायचे. लॅबमधली दहा वर्षं जुनी मशीन दर वर्षी निर्लेखनाला निघतात, त्यातलं एक कोपऱ्यात ठेवा, त्यावर जेन्किन्स टाका, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एकच अट घाला की त्या मशीनवर बिल्ड होईल तेच तपासलं जाईल. सिलॅबस बदलायची गरज नाही, कुणाची परवानगी नको. फार तर पहिल्या वर्षी निम्म्या पोरांच्या तोंडचं पाणी पळेल.

पावसच्या काकांकडे मी अजून जातो. आता बदल सांगितला की ते आधी विचारतात, "तुझ्या त्या डब्याने पास केलंन काय?" मग मी पेनड्राइव्ह बाहेर काढतो. हाताने लिहायचं बिलबुक मात्र त्यांनी अजून गल्ल्याच्या खालीच ठेवलंय आणि मी त्यांना ते काढा असं कधी म्हणालेलो नाही.

ज्यांना आमचा बघून स्वतःचा बसवायचा असेल त्यांनी जून-जुलैत यावं, आपल्या ऑफिसमार्फत निरोप दिलात तरी पोचेल. गणपतीत नको, तेव्हा मी आरतीला नाहीतर झोपलेला असतो. येताना जुनं मशीन घेऊन या आणि जावाचं कुठलं व्हर्जन गिऱ्हाइकाकडे आहे ते विचारून या. मॉनिटर आणू नका, तो लागत नाही.

आपला,
एक वाचक, ता. रत्नागिरी